बाटली आडवी, दाढ उभी

यंदा संपादकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, दिवाळी अंकासाठी दातांच्या निगेवर काहीतरी लिहा." मी म्हटलं, दातांच्या निगेवरचा लेख कुणी वाचत नाही, मीही वाचत नाही. त्यापेक्षा दारूवर लिहिते. ते जरा गडबडले. "आमचा अंक कौटुंबिक आहे हो." मी म्हटलं, "आमच्या भागात दारूइतकं कौटुंबिक दुसरं काय आहे?" ते हसले, म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरलं.

मी मूळची शिरूर अनंतपाळची. लातूरला शिकले, लग्न होऊन नांदेड जिल्ह्यात आले आणि मुदखेडला दाताचा दवाखाना टाकला. बरीच वर्षं झाली. लोक मला 'दाताच्या मॅडम' म्हणतात. एका आजोबांनी तर नातवाला माझी ओळख 'दाढीच्या मॅडम' अशी करून दिली होती, आणि ते पोरगं पुढचा अर्धा तास माझी हनुवटी बघत बसलं.

या लेखातल्या माणसांची नावं मी बदलली आहेत आणि गावाचं नाव सांगणार नाही, कारण ती सगळी मंडळी अजून माझ्याकडे येतात. दात मात्र खरे आहेत.

आधी धंद्यातली एक गोष्ट सांगते. आमच्याकडे दाढ दुखली की पहिला इलाज लवंग, दुसरा इलाज मिसरी आणि तिसरा इलाज देशी दारूचा घोट. तो दुखऱ्या गालात धरायचा. थोडा वेळ धरला की हिरडी बधिर होते, हे खोटं नाही. मग तो थुंकायचा असतो. पण घोट थुंकायचा जीव कुणाचा होत नाही. माणूस गिळतो. दोन-तीन घोट गिळले की दाढ शेजाऱ्याची वाटायला लागते. त्यामुळे पिणारा माणूस दाताच्या डॉक्टरकडे फिरकतच नाही. दात चांगले असतात म्हणून नव्हे. उलट तोंड कोरडं पडतं, चूळ न भरता तो तसाच झोपतो, हिरड्या सुजतात, दात हलायला लागतात. पण दुखणं त्याच्यापर्यंत पोचतच नाही, आणि दुखल्याशिवाय माझ्याकडे कोण येतंय?

आणि आलाच, तर घेऊन येतो. खुर्चीत बसायला धीर पाहिजे ना! अशा माणसाचा दात मी काढत नाही. भूल नीट लागत नाही, रक्त लवकर थांबत नाही, आणि 'आज चूळ भरू नका' हे माझं सांगणं दवाखान्याची पायरी उतरेपर्यंत तो विसरलेला असतो. म्हणून आमच्या दवाखान्यात पेशंटचे दोनच प्रकार, ओला आणि कोरडा. हे शब्द अनसूयामावशींचे. मावशी पहिल्या दिवसापासून माझ्याकडे आहेत. हत्यारं उकळणं, नंबर लावणं, रडणाऱ्याला पाणी देणं ही सगळी त्यांची कामं. त्या दारातच बसतात. माणूस आत शिरला की नाकपुड्या फुगवतात आणि आतल्या खोलीकडे तोंड करून आवाज देतात, "मॅडम, ओला हाय!" पेशंटला वाटतं, पावसाचं काहीतरी बोलून राहिल्या.

तर एका लग्नसराईत, भर दुपारी, नागोराव मास्तर माझ्याकडे आले.

मास्तर म्हणजे बँड मास्तर. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, हातात ट्रंपेट आणि डोळ्यात पाणी. वरचा पुढचा एक दात लोंबकळत होता. मी तोंडात आरसा घालायच्या आत ते म्हणाले, "मॅडम, ह्यो दात उपटा. पटकन. नवरदेव थांबलाय."

"कुठे थांबलाय?"

"दारात."

खरंच थांबला होता. काचेच्या दारातून आधी घोड्याचं तोंड दिसलं, मग वर मुंडावळ्या दिसल्या. मागे सगळं वऱ्हाड उन्हात उभं. बाकीचा बँड ट्रंपेटशिवाय वाजवत होता, म्हणजे नुसता ढोल आणि झांजा, आणि त्यावर दोन मामा नाचतही होते.

"मॅडम, ओला हाय!" दारातून आवाज आला.

मी मास्तरांना समजावलं. आज काढता येणार नाही, उद्या कोरडे या. मास्तरांनी ट्रंपेट मांडीवर ठेवलं. मग अगदी शांतपणे म्हणाले, "मॅडम, कोरडा असलो की लई ठणकतंय, म्हणून घेतो. घेतली की तुम्ही काढंनात. मग ह्यो दात काढायचा तरी कवा?"

मी एक गोळी दिली आणि बजावलं, हिच्यावर दारू अजिबात घ्यायची नाही. त्यांनी ती कोटाच्या खिशात टाकली आणि म्हणाले, "बरं. मग सांजच्याला बघतो, दोन्हीतलं कोणतं घ्यायचं ते." बाहेर जाऊन त्यांनी वाकड्या तोंडाने ट्रंपेट लावलं, मिरवणूक हलली, आणि घोड्यावरच्या नवरदेवाने जाता जाता वाकून मला विचारलं, "मॅडम, दात पांढरे करायला किती दिस लागतात?"

मास्तर दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्याही नाही. काही महिन्यांनी आल्या त्या त्यांच्या मंडळी, चंद्रकलाबाई. त्यांची स्वतःची दाढ किडली होती. बारीक अंगाच्या, गडद हिरवं लुगडं, आवाज मात्र ढोलासारखा. तोंडात माझी हत्यारं असताना माणसाला जेवढं बोलता येतं तेवढं त्या बोलल्या, म्हणजे भरपूरच बोलल्या.

त्यांच्या गावात देशी दारूचं दुकान होतं, ऐन बसथांब्यावर. पोरी शाळेतून उतरल्या की दुकानासमोरूनच घरी जाणार. चंद्रकलाबाईंची मुलगी एक दिवस म्हणाली, आई, मी शाळाच सोडते. त्या दिवशी चंद्रकलाबाईंचं डोकं फिरलं. त्यांनी घरोघर जाऊन बायका गोळा केल्या आणि मतदान मागितलं. आपल्याकडे तशी सोय आहे. गावातल्या बायकांना मतपत्रिका मिळते, तिच्यावर एक उभी बाटली आणि एक आडवी बाटली. दुकान पाहिजे असेल तर उभीवर शिक्का, नको असेल तर आडवीवर. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडवी केली की दुकान बंद.

"मास्तर काय म्हणतात?" मी विचारलं.

"मालक म्हणून राहिले, बायकू बाटली आडवी करती का नवऱ्याला, बगू." आणि तोंडात कापसाचे बोळे असताना त्या इतक्या मोठ्याने हसल्या की एक बोळा उडून माझ्या चष्म्यावर बसला.

पुढे एका दुपारी चंद्रकलाबाईंचा फोन आला. मागे हलगी वाजत होती आणि बायकांचा गलका चालू होता. "मॅडम, आडवी झाली! लई फरकानं आडवी झाली!" शेवटी कागदपत्रं वरच्या ऑफिसात जाऊन, शिक्के होऊन दुकानाला खरोखरीचं कुलूप लागलं, तेव्हा त्यांनी माझ्यासाठी पेढेही पाठवले. दाताच्या डॉक्टरला पेढे, पण मी खाल्ले.

कुलूप लागल्याला तीनेक दिवस झाले असतील. सकाळी दवाखाना उघडायला आले, तर दारात एक टेम्पो उभा. आत माणसंच माणसं. कुणाच्या गालाला रुमाल बांधलेला, कुणी जबडा तळहातात धरलेला, कुणी कण्हत होता, कुणी टेम्पोच्या फळीवर कपाळ टेकवून गप्प. अनसूयामावशी त्यांच्यामधून फिरून राहिल्या होत्या. एकेकाच्या तोंडाजवळ नाक नेत होत्या, पुढे जात होत्या, परत मागे येऊन वास घेत होत्या. मला पाहिलं तशा धावत आल्या. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, वास न्हाई!"

"कुणाला?"

"एकालाबी न्हाई! समदे कोरडे हायेत! काईतरी झालंय गावात!"

झालं होतं ते असं. वर्षानुवर्षं ज्या दाढांवर रोज संध्याकाळी दारूचं पांघरूण पडत होतं, त्या सगळ्या दाढा एकदम उघड्या पडल्या होत्या. चंद्रकलाबाईंच्या आख्ख्या गावाचं साठलेलं दुखणं तीन दिवसांत जागं झालं होतं. त्यांच्यातल्या एकाने ते फार बरोबर सांगितलं. गाल धरून तो म्हणाला, "मॅडम, बायकांनी बाटली आडवी केली आन् आमच्या दाढा उभ्या राहिल्या."

हसावं की काय करावं मला कळेना. तेवढ्यात मागून ऑटो आला, त्यातून चंद्रकलाबाई आणि चार-पाच बायका उतरल्या. पदर खोचलेले, चेहरे असे की जणू कैदी पोचवायला आल्या आहेत. चंद्रकलाबाईंनी मला बाजूला घेतलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला होता.

"मॅडम, ह्यांचं दुखणं आजच्या आज थांबवा. न्हाई थांबलं तर सांजच्याला हे शेजारच्या गावाला जाणार. तिथं दुकान हाय. एकदा गेले की रोज जातील. मग आमी बाटली आडवी करून काय केलं?"

त्यांचं म्हणणं खरं होतं. एवढ्या बायकांनी एकत्र येऊन जे जिंकलं होतं, ते त्या दिवशी माझ्या एका खुर्चीवर येऊन टेकलं होतं. आणि खरं सांगू, मजाही वाटली. इतके पेशंट, सगळे कोरडे, ही गोष्ट माझ्या दवाखान्यात कधी घडली नव्हती.

मी नसरीनला फोन लावला. नसरीन माझी लातूरची वर्गमैत्रीण, तिचा दवाखाना नांदेडला. म्हटलं, असेल तशी ये, हत्यारं घेऊन ये. ती आली, टेम्पोभर सुजलेले गाल पाहिले आणि म्हणाली, "क्या गं, पूरा गाव बुलाया क्या? सुपारी वाटली होतीस का?" मग तिने बाह्या सरसावल्या. आमची एक खुर्ची होती. दुसरी म्हणून मावशींनी शेजारच्या कटिंगच्या दुकानातली खुर्ची मागून आणली. ती गोल फिरायची. नसरीन सुई घेऊन जवळ गेली की पेशंट पायाने जोर लावून भिंतीकडे तोंड करायचा. शेवटी दोन बायकांनी खुर्ची दोन्हीकडून धरली आणि कामाला सुरुवात झाली.

पहिला नंबर गंगाधररावांनी घेतला. गंगाधरराव गावचे उपसरपंच. पांढरे कपडे, कानात अत्तराचा फाया, आणि उजवा गाल पुरीसारखा फुगलेला. ते खुर्चीत बसले, पण तोंड उघडेनात. म्हणाले, "दाढेचं मागून बगू. आदी मला एक सर्टिफिकेट द्या. दारू बंद केल्यामुळं गावातल्या लोकांच्या दाढा बिघडल्या, असं लिवून द्या. डॉक्टरचा कागद लागतोय. म्हंजे आमाला दुकान उघडायचा अर्ज करता येतो."

बायका माझ्याकडे बघायला लागल्या, पुरुष माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, "लिहिते. पण तपासल्याशिवाय कसं लिहू? आ करा."

त्यांनी आ केला. दाढ आतून पोकळ झाली होती, मुळाशी पू साठला होता. ही दाढ बिघडायला तीन दिवस नाही, कित्येक वर्षं लागली होती. मी भुलीचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात त्यांचा अर्धा चेहरा बधिर झाला, ओठ एका बाजूला लोंबायला लागला. ते पुन्हा सर्टिफिकेटचं सांगायला गेले, तर तोंडातून आलं, "हुहान... हुहान हुरू..."

"काय म्हणतात?" मी विचारलं.

दारात उभ्या असलेल्या त्यांच्या मंडळी पदर सावरत गंभीरपणे म्हणाल्या, "ते म्हणून राहिले, दुकान बंदच ठिवा."

गंगाधररावांनी दोन्ही हात हलवले, मान हलवली, डोळे मोठे केले. "हुहान हुरू!"

"आन् म्हणून राहिले, बायकांनी लई चांगलं काम केलं."

दवाखाना इतका हसला की ज्यांचे गाल दुखत होते ते हसता हसता ओरडत होते आणि ओरडता ओरडता हसत होते. नसरीनच्या पेशंटने तर हसण्यासाठी स्वतःहून तोंड उघडलं आणि तिने तेवढ्यात सुई टोचली. गंगाधररावांची दाढ मी तेवढ्यात काढली. पू निचरला, त्यांचा चेहरा एकदम सैल पडला, आणि डोळ्यांतून आलेलं पाणी रागाचं होतं की सुटकेचं, ते त्यांचं त्यांना माहीत.

या सगळ्या गोंधळात नागोराव मास्तर कोपऱ्यातल्या बाकावर एकटे बसले होते. बँडचा तो लाल कोट अंगात होता, उन्हाळ्यात. मला वाटलं, नंबरची वाट बघतायत. मी जाता जाता म्हटलं, "मास्तर, आज काढू बरं का तुमचा दात. आज तुम्ही कोरडे आहात."

ते माझ्याकडे न बघता बाही झटकत म्हणाले, "मॅडम, तुमच्या दवाखान्यात मुंग्या लई झाल्या. बगा, कोटावर चढून राहिल्या."

पुरुष हसले. मी त्यांच्या बाहीकडे पाहिलं. एकही मुंगी नव्हती. मास्तरांचे हात थरथरत होते, कपाळ घामाने निथळत होतं, आणि ते दिसत नसलेल्या मुंग्या एकेक करून वेचत होते.

माझं हसू तिथेच थांबलं.

हे बाहेरच्या माणसाला माहीत नसतं म्हणून सांगते. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने एकदम, कुणाच्या देखरेखीशिवाय बंद केली, तर दोन-तीन दिवसांनी शरीर बिथरतं. हात थरथरतात, नसलेल्या गोष्टी दिसतात, झटके येतात. वेळेवर इलाज झाला नाही तर माणूस जातो. हे दाताच्या डॉक्टरचं काम नव्हे. मी नाडी धरली, ती धावत होती. लगेच ॲम्ब्युलन्सला फोन केला आणि नांदेडच्या सरकारी दवाखान्यात कळवलं.

चंद्रकलाबाई मास्तरांसमोर खाली बसल्या. त्यांचे दोन्ही हात आपल्या हातात घट्ट धरले, पण थरथर थांबेना, उलट बाईंच्याच बांगड्या वाजायला लागल्या. मास्तरांनी त्यांना विचारलं, "पाव्हणीबाई, तुमी कुठल्या गावच्या?" बाईंनी वर माझ्याकडे पाहिलं. "मॅडम," त्या म्हणाल्या, "म्या बाटली आडवी केली का माझ्या मालकाला आडवं केलं?"

मी त्यांना खांद्याला धरून उठवलं. "तुम्ही बरोबर केलंत. फक्त ही सोडताना डॉक्टर लागतो, एवढंच तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. वाचतील. वेळेत आलेत. आणि दात दुखला म्हणून आलेत, नाहीतर घरीच बसले असते."

ॲम्ब्युलन्स येऊन गेली, बाई सोबत गेल्या. तोंडात बोळा धरलेले गंगाधरराव हळूच म्हणाले, "बगा, म्हणूनच म्हणत होतो, दुकान..." यावेळी शब्द बऱ्यापैकी कळत होते. दोघी-तिघी बायका खाली बघायला लागल्या. त्यांच्या मनात भीती शिरली होती, ते मला दिसलं.

मग मी बाकावर चढले. हो, चक्क चढले, कारण मी उंचीने कमी आहे. म्हटलं, "ऐका. मास्तरांना दारूची गरज नाही, दवाखान्याची गरज आहे. दोन्हींत फरक आहे. आता सगळ्यांनी हात पुढे करा. असे, बोटं पसरून."

शाळेत नखं तपासायला उभे राहतात तसे ते सगळे बाप्ये हात पुढे करून रांगेत उभे राहिले. गंगाधररावसुद्धा. मी आणि नसरीन एकेकाचे हात, डोळे, नाडी बघत गेलो. मावशी मागून उगीचच नखंही बघत होत्या आणि "काळी हायेत, काढा" म्हणत होत्या. दोघांचे हात जास्त थरथरत होते. त्यांनाही नांदेडला पाठवलं. बाकीचे ठीक होते, नुसते दाढेने बेजार. पुन्हा काम सुरू झालं. काही दाढा काढल्या, काहींतला पू सोडला, काहींना औषधं दिली आणि पुढची तारीख दिली. ऊन उतरायच्या वेळी टेम्पो परत निघाला तेव्हा त्या सगळ्यांच्या तोंडात कापूस होता, त्यामुळे टेम्पो एकदम शांत होता. बायका मात्र मागच्या ऑटोत बसून मोठमोठ्याने गात होत्या.

नसरीन फिरत्या खुर्चीत धपकन बसली. "अब मेरेकू चाय पिला," म्हणाली आणि स्वतःला एक गिरकी दिली.

पुढचं खरं खरं सांगते. गावची दारू सुटली असं मी म्हणणार नाही. त्या टेम्पोतले काही जण महिन्याभरात शेजारच्या गावच्या दुकानात दिसायला लागले. सरकारी दवाखान्यात पाठवलेल्या दोघांपैकी एक बरा होऊन आला आणि परत प्यायला लागला. त्याची बायको मला बाजारात भेटते तेव्हा आम्ही दोघी भाजीचा भाव सोडून दुसरं काही बोलत नाही. पण दुकान काही पुन्हा उघडलं नाही. आणि एक गोष्ट अशी झाली जी कुठल्या पुस्तकात मी वाचली नाही. त्या गावाला दाताच्या दवाखान्याची सवय लागली. एकदा दुखणं कळलं, एकदा ते थांबतं हेही कळलं, की माणूस पुन्हा येतो. पिणारेही येतात, पण कोरडे येतात, कारण ओल्याला मावशी पायरी चढू देत नाहीत. गंगाधररावांच्या मंडळींनी तर यातून शक्कल काढली. गंगाधरराव तारखेच्या आधी दोन दिवस घेत नाहीत. नंतर दोन दिवस मी घेऊ देत नाही. म्हणून त्यांच्या मंडळी गुपचूप मला फोन करतात, "मॅडम, ह्यांना पुढल्या आठवड्यात फिरून बोलवा ना. काईबी काढा. चार दिस बरे जातात." गंगाधररावांचे उरलेले दात आता आमच्या तालुक्यातले सगळ्यात स्वच्छ दात असतील.

आणि मास्तर वाचले. सरकारी दवाखान्यातून घरी आले तेव्हा निम्मे झाले होते, लाल कोट अंगावर लोंबायचा. सोडल्यावर दारू परत लागू नये म्हणून तिथल्या डॉक्टरांकडे ते नेमाने जात राहिले. चंद्रकलाबाई प्रत्येक वेळी सोबत असायच्या. मग एक दिवस माझ्याकडे आले. मावशींनी दारात वास घेतला, मान डोलावली आणि आत ओरडल्या, "मॅडम, मास्तर हायेत!" ओला नाही, कोरडा नाही, नुसते मास्तर.

वरचे पुढचे चार दात वाचण्यासारखे राहिले नव्हते. ते काढल्यावर मास्तर फार खचले. ट्रंपेटचं तोंड ओठावर दाबून धरावं लागतं आणि ओठाच्या मागे दात पाहिजेत. दात नाहीत म्हणजे फुंकर पसरते, सूर लागत नाही. त्यांनी मला विचारलं, "मॅडम, आता म्या झांजाच वाजवायच्या का?" दारू सोडून माणसाच्या हाती झांजा आल्या तर तो किती दिवस टिकेल, ही काळजी त्यांच्यापेक्षा मलाच जास्त होती.

हिरड्या भरल्यावर मी चार दातांची कवळी करून घेतली. बसवली. मास्तर ट्रंपेट सोबतच घेऊन आले होते. म्हटलं, इथेच वाजवून बघा. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि फुंकलं. कोंबडीचा पाय चेंगरावा तसा एक आवाज आला, मास्तरांनी ट्रंपेट बाजूला केलं, आणि पाठोपाठ कवळी सटकन बाहेर उडून मावशींच्या ट्रेमध्ये चिमट्याशेजारी जाऊन पडली. मावशी म्हणाल्या, "बरं झालं, हितंच पडली. नवरदेवाच्या तोंडात गेली असती म्हंजे?" मास्तर हसले. दात नसलेलं, पूर्ण उघडं हसू. ते मी पहिल्यांदा पाहिलं.

कवळी परत घासली, तारा घट्ट केल्या, कडा बदलल्या. मास्तर येत राहिले, वाजवत राहिले. बाहेर बसलेले पेशंट विचारायचे, आत कुणाचं काय उपटून राहिले? शेजारच्या कटिंगवाल्याने तक्रार केली की त्याचा हात हलतो.

आणि मग एका सकाळी कवळी बसली. मास्तरांनी फुंकलं आणि पहिला सूर सरळ निघाला. दुसरा निघाला. त्यांनी डोळे मिटले आणि लग्नात हळदीच्या वेळी वाजवतात ती जुनी चाल धरली. मध्येच एखादा सूर घसरायचा, ते तो परत पकडायचे. माझ्या पुढच्या पेशंटचं तोंड उघडंच राहिलं होतं, मीही हत्यार हातात धरून तशीच उभी. मावशी दारातून आत येऊन भिंतीला टेकल्या. चंद्रकलाबाई स्टुलावर बसल्या होत्या, पिशवी मांडीवर, डोळे मास्तरांच्या ओठांवर.

चाल संपली. मास्तरांनी ट्रंपेट खाली घेतलं. कवळी जागेवर होती. त्यांनी जिभेने चाचपून पाहिलं आणि बायकोकडे वळले. बँड मास्तर होऊन जन्म गेला, पण त्या क्षणी ते पहिल्यांदा वाजवणाऱ्या पोरासारखे उभे होते.

"कसं झालं?"

चंद्रकलाबाईंनी पदराने डोळे पुसले, नाक पुसलं, आणि त्या ढोलासारख्या आवाजात म्हणाल्या, "लग्नाला एवढी वर्षं झाली, तुमी शुद्धीत वाजवलेलं आज पहिल्यांदा ऐकून राहिले."

"हाव. पन झालं कसं?"

"बेसूर," बाई म्हणाल्या. "आनखी वाजवा."